हेलीचं स्वॉश मिक्सिंग: रिव्हर्स कधी आणि मायनस कधी

पावसाळ्यात मैदानात चिखल, रिमोटची हेलिकॉप्टरं (आम्ही म्हणतो हेली) उडवणं बंद, त्यामुळे जून ते सप्टेंबर माझं सगळं सेटिंग टेबलावरच चालतं. याच दिवसांत कोणीतरी ऐरोलीहून नाहीतर घोडबंदर रोडवरून हेली पिशवीत घालून घरी येतो आणि म्हणतो, दादा सगळे सर्वो (रेडिओच्या हुकमाने हलणाऱ्या छोट्या मोटरी) रिव्हर्स, म्हणजे उलट्या दिशेचे, करून बघितले तरी जुळत नाही. कसं जुळेल, रिव्हर्सने सुटणारा प्रॉब्लेमच नाहीये तो.

हे १२० डिग्रीच्या स्वॉशप्लेटबद्दल (पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) आहे, म्हणजे तीन सर्वो मिळून एक प्लेट हलवतात ते. फ्लायबारलेस युनिट (हेली स्थिर ठेवणाऱ्या दांडीच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर रेडिओत, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, स्वॉश टाइप साधा, एका सर्वोचा ठेवा, मिक्सिंग (एक हुकूम तिन्ही सर्वोंत वाटणं) युनिट करतं, आणि खालचं सगळं मग युनिटच्या सेटिंगमध्ये करायचं. दोन्हीकडे मिक्सिंग चालू ठेवू नका.

आधी मोटरच्या तीनपैकी दोन वायरी काढा. नुसत्या थ्रॉटल होल्डवर (मोटर बंद ठेवणारं रेडिओचं बटण) विसंबून पात्यांजवळ हात घालायचा नाही, कोणी काहीही सांगो.

पिच कर्व्ह (कोणत्या स्टिकला पात्यांचा किती कोन, तो आलेख) सरळ, ०-५०-१००. कलेक्टिव्ह स्टिक मध्यावर ठेवून तिन्ही हॉर्न (सर्वोवरचे छोटे हात) काटकोनात बसवा, सर्वोच्या दांड्यावरचा दात बदलून जितकं जवळ येईल तितकं, उरलेलं सबट्रिमने (सर्वोचा मध्य बारीक सरकवायचं रेडिओतलं सेटिंग).

आता दिशा. हुकूम तीन: कलेक्टिव्ह म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम (हेली वर-खाली), एलेव्हेटर म्हणजे पुढे-मागे झुकणं, एलेरॉन म्हणजे डावी-उजवीकडे; शेवटचे दोन सायक्लिक स्टिकवर. माझे इथे दोन आठवडे गेले, रोज रात्री जेवण झालं की बसायचो. एलेव्हेटर उलटा म्हणून एक सर्वो रिव्हर्स केला की कलेक्टिव्ह बिघडायचं, ते सरळ केलं की एलेरॉन उलटा. मला एका अनुभवी माणसाने सांगितलं होतं की रिव्हर्स करत राहा, कधीतरी जुळतं. तसंच "जुळवून" मी खारघरला गेलो (तिकडे आता उडवण्याआधी डिजिटल स्कायचा (सरकारची ड्रोनसाठीची वेबसाइट) नकाशा बघाच, विमानतळ जवळ आहे), एलेव्हेटर उलटाच राहिला होता, हेली जमिनीवरून सुटताच मागे झुकली, मी सावरायला स्टिक पुढे ढकलली तशी अजून मागे गेली आणि पात्यांनी टेल बूम (शेपटीची नळी) कापला.

तर नीट लक्षात घ्या. सर्वो रिव्हर्स हे एका सर्वोचं सेटिंग आहे. स्वॉश मिक्समधलं (पिच म्हणजे कलेक्टिव्ह, एलेव्हेटर, एलेरॉन यांचे आकडे असलेला मेनू) प्लस-मायनस हे तुमच्या हुकमाचं सेटिंग आहे, तिन्ही सर्वोंना मिळून.

प्रत्येक हॉर्नवर नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि फक्त कलेक्टिव्ह स्टिक हळू वर न्या. तिन्ही ठिपके एकाच दिशेने गेले पाहिजेत. एक वेगळा गेला तर फक्त तोच रिव्हर्स करा. रिव्हर्सचं काम इथे संपलं, तो मेनू बंद करा आणि परत उघडू नका.

मग पात्याकडे बघा, प्लेटकडे नाही. स्टिक वर नेल्यावर पात्याची पुढची कड उचलली पाहिजे. खाली गेली तर स्वॉश मिक्समध्ये पिचच्या आकड्याचं चिन्ह बदला, ५५ असेल तर वजा ५५. हेलीचं नाक तुमच्यापासून लांब ठेवून सायक्लिक स्टिक पुढे ढकला, प्लेट पुढे झुकायला हवी, नसेल तर एलेव्हेटरचं चिन्ह बदला. उजवीकडे नेली तर उजवीकडे, नसेल तर एलेरॉनचं. एलेरॉनला मधला (हेलीच्या मध्यरेषेवरचा) सर्वो हलत नाही, एलेव्हेटरला तो पूर्ण हलतो आणि बाकीचे दोन त्याच्या उलट निम्मे, हे डोळ्यांनी दिसलं की समजा बरोबर आहे.

आकडे पिच गेज (पात्याचा कोन मोजायचं साधन) लावून ठरवा. शिकणाऱ्याला कलेक्टिव्ह दोन्ही बाजूंना १० डिग्री भरपूर झालं. ते कमी-जास्त करायला स्वॉश मिक्सचा आकडाच वापरा, एंडपॉइंट (एका सर्वोची टोकाची मर्यादा) नाही. एंडपॉइंट फक्त टोकाला प्लेट वाकडी होत असेल तर.

हेडिंग होल्ड जायरो (शेपटीची दिशा धरून ठेवणारा) असेल तर रेव्हो मिक्सिंग (कलेक्टिव्हबरोबर शेपटीचा पिच आपोआप बदलणारं) बंद.

शेवटी कलेक्टिव्ह पूर्ण वर ठेवून सायक्लिक स्टिक चारी कोपऱ्यांत फिरवा, तसंच पूर्ण खाली ठेवून. कुठे सर्वो गुरगुरला किंवा लिंक अडकली तर आकडे कमी करा, आणि तो आवाज पूर्ण जाईपर्यंत मोटरच्या वायरी जोडू नका.