गाडी चालू करताना मोठा आवाज येतो? स्टार्टर बदलण्याआधी हे तपासा

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. सकाळी फोन येतो, "सेल्फ मारला की लई आवाज येतोय, स्टार्टर गेला वाटतं." सेल्फ म्हणजे स्टार्टरच, इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. मी आधी एवढंच विचारतो: आवाज इंजिन उचलायच्या (म्हणजे चालू व्हायच्या) आधी येतो, उचलताना येतो की उचलल्यावर? हे नीट कळल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नका, कुणी सांगितलं तरी. चांगले स्टार्टर काढून टाकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि दोष निघतो बॅटरीच्या सैल टर्मिनलचा. लोकांचे पैसे असे गेलेले पाहून फार वाईट वाटतं.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, एसीचा ब्लोअर आणि रेडिओ बंद. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून बेल्टपासून लांब उभं राहून ऐकायचं. ओढणी, सैल बाही आत जाता कामा नये. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवा, कारण गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि थंडपणीचा आवाज निघून जातो. मग मिस्त्री तरी काय ऐकणार?

किल्ली फिरवल्यावर कट-कट-कट-कट असा भराभर आवाज आला आणि इंजिन फिरलंच नाही, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा विजेचा स्विच) खेचला जातो, स्टार्टर करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा खेचला जातो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचलीय का बघा. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून साफ करा, कोरडं करून घट्ट बसवा. लावताना निगेटिव्ह शेवटी. मल्टीमीटरवर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली घसरत असेल तर चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही घसरली तर बॅटरी बदला. बॅटरी चांगली असून एकच जोरात 'टक' येत असेल, तर इंजिनची अर्थिंग केबल (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) तपासा. ती ठीक असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टरचे कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) पाहायचे.

स्टार्टर नुसताच 'व्हींऽऽ' करून मोकळा फिरत असेल तर बेंडिक्स (स्टार्टरच्या टोकाचं, इंजिनला फिरवणारं छोटं दातेरी चाक) घसरतोय. बहुधा तेवढाच बदलून भागतं, पूर्ण स्टार्टरची गरज नसते.

सगळ्यात घाबरवणारा आवाज म्हणजे दात खरवडल्यासारखी 'खर्रऽऽ'. बेंडिक्सचे दात फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंग गिअरवर, म्हणजे त्याच्या कडेच्या दातेरी कड्यावर, नीट बसत नाहीत तेव्हा तो येतो. हा आवाज कधी येतो, कधी येत नाही, म्हणून लोक गोंधळतात. कारण असं की चार सिलिंडरचं इंजिन कॉम्प्रेशनमुळे दर वेळी साधारण त्याच दोन जागी थांबतं, आणि रिंगचे दात तिथेच झिजतात. मॅन्युअल गाडी असेल तर सपाट जागी, इग्निशन बंद ठेवून, वरच्या गिअरमध्ये थोडी ढकला, न्यूट्रल करून सेल्फ मारा. आवाज गेला तर दात त्या ठिकाणी झिजलेत. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून दुखणं बेंडिक्सवर असतानाच दुरुस्त करा. इंजिन चालू झाल्यावरही खरखर थांबली नाही तर लगेच बंद करा. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मधे अर्धा मिनिट तरी थांबा.

इंजिन उचललं आणि किंचाळी फुटली तर तो बेल्ट. महाबळेश्वरकडच्या गाड्यांचं पावसाळ्यात हे ठरलेलंच. ओल सुकली की आवाज मिनिटभरात थांबतो. रोज यायला लागला तर चालू इंजिनवर लांबून बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) कमजोर आहे. क्षणभर जाऊन परत आला तर पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक) सरळ रेषेत नाही. बेल्टवर ग्रीस, ऑइल किंवा कुठलाही स्प्रे मारू नका.

इंजिनच्या वरच्या भागातून 'टक टक' येऊन एक-दोन सेकंदांत थांबत असेल, तर रात्री ऑइल खाली उतरलेलं असतं. ऑइल फिल्टरमधल्या, ऑइल रोखून धरणाऱ्या झडपेचा रबर कडक झाला की हे वाढतं. चांगला फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल घाला. जास्त वेळ वाजत राहिलं, सोबत ऑइलचा लाल दिवा जळत राहिला, तर गाडी एक फूटही चालवायची नाही. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी बघा, आणि टोइंग बोलवा.

खालून पत्र्याचा खुळखुळाट असेल तर सायलेन्सरवरची हीट शिल्ड (उष्णता अडवणारा पत्रा) सुटली असेल. गार असताना हाताने ठोकून कळतं, क्लिप लावून बसते. पण फटफट आवाज असेल आणि इंजिन तापल्यावर कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, गळतंय. तो धूर केबिनमध्ये येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही. दुरुस्त होईपर्यंत गाडी शक्यतो वापरू नका. गॅरेजपर्यंत न्यावीच लागली तर काचा खाली ठेवा.