इंग्रजी शिकणाऱ्यांचं शैक्षणिक लेखन सुधारायचं आहे? सुरुवात माहिती शोधण्यापासून करा

इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा निबंध हातात आला की आपलं लाल पेन आधी व्याकरणाकडे धावतं. काळ चुकला, आर्टिकल राहिलं, वाक्य अर्धवट सुटलं. मग मध्येच एक परिच्छेद अगदी निर्दोष इंग्रजीत येतो आणि लगेच कळतं, हा कुठून तरी उचललाय. असे पुष्कळ निबंध तपासल्यावर माझं मत पक्कं झालंय: तो परिच्छेद लिहायला बसण्याच्या बराच आधी, माहिती शोधताना आणि टिपणं काढताना बिघडलेला असतो. म्हणून 'उचलू नका' असं बजावण्यापेक्षा शोधणं, पारखणं, टिपणं आणि श्रेय देणं ही कामं एकेक करून शिकवावीत. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या माहिती उद्योग संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की यांनी 'माहिती साक्षरता' हा शब्द वापरला, तो अशाच कौशल्यांसाठी.

विषयाचा प्रश्न करून घ्या. 'मोबाइल आणि तरुण पिढी' हा विषय दिला तर विद्यार्थी पहिल्या दुव्यावरचं सगळं उतरवणार. 'रात्री उशिरापर्यंत स्क्रीन पाहिल्यानं किशोरवयीन मुलांच्या झोपेवर काय परिणाम होतो?' असा प्रश्न असेल तर काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते त्याला ठरवता येतं. हा प्रश्न आधी मातृभाषेत लिहू द्या. विचार स्पष्ट झाला की इंग्रजी पाठोपाठ येतं.

शोधशब्दांचा तक्ता बनवा. इथे भाषा शिकणाऱ्याची खरी अडचण होते आणि ती सहसा आपल्या लक्षात येत नाही. त्याला 'टीनएजर' हा शब्द माहीत असतो, पण शोधनिबंधांत 'अ‍ॅडोलेसंट' असतं. मग त्याच्या हाती जाहिराती आणि वरवरचे लेख लागतात. त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या शोधात सापडलेल्या तीन-चार लेखांची शीर्षकं आणि गोषवारे वाचायला लावा, त्यांतले नवे शब्द तक्त्यात भरून घ्या आणि ते शब्द वापरून पुन्हा शोधायला सांगा. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकायचा, पर्यायी शब्दांमध्ये 'ऑर' लिहायचं, एवढं दाखवलं तरी निकाल बदलतात. हाच तक्ता पुढे लिहिताना शब्दसंपत्ती म्हणून हाताशी राहतो. भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत. ती जवळ असावी, पण विद्यार्थ्यानं स्वतः शोधून काढलेला शब्द जास्त टिकतो.

स्रोत पारखायला शिकवा. सफाईदार इंग्रजी दिसलं की ते खरंच असणार, असं भाषा शिकणाऱ्याला सहज वाटतं. हा समज वर्गात उघडपणे बोलून काढायला हवा, आता तर अधिकच. संभाषण करणारी एआय साधनं अस्खलित वाक्यांत अस्तित्वातच नसलेले संदर्भ देऊ शकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस संकेतस्थळं कशी तपासतात ते पाहिलं. तथ्यतपासनीस त्या पानावर रेंगाळत नव्हते, नवा टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघत होते. ही सवय भाषा शिकणाऱ्याच्याही आवाक्यात आहे, कारण ही चौकशी तो स्वतःच्या भाषेतही करू शकतो.

टिपणं काढणं शिकवा, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. मूळ वाक्य समोर ठेवून शब्द बदलत राहण्याला लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी 'पॅचरायटिंग' म्हटलं. 'डिलेज'च्या जागी 'पोस्टपोन्स' येतं, वाक्याचा सांगाडा तोच राहतो. विद्यार्थ्याला वाटतं आपण स्वतः लिहिलं, शिक्षकाला वाटतं चोरी केली. बहुतेक वेळा ती चोरी नसते. मजकूर पुरता कळलेला नसतो, म्हणून त्याला धरून राहावं लागतं. म्हणून विद्यार्थ्याला ओरडण्याआधी त्याला कळलंय का ते तपासा.

मी वर्गात असं करून घेते. एकच परिच्छेद द्यायचा, दोनदा वाचायला सांगायचं आणि मग पान पालथं घालायचं. शेजारच्या मुलाला तो मातृभाषेत समजावून सांगायचा. सांगता आलं नाही तर पुन्हा वाचायचं. सांगता आलं की दोन-तीन तुटक शब्दांत टिपण लिहायचं, पूर्ण वाक्य लिहायचं नाही. मग त्या टिपणावरून इंग्रजी वाक्य तयार करायचं आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून पाहायचं: अर्थ बदलला का, आकडा चुकला का, सांगाडा तोच राहिला का? पहिल्या दोन-तीन वेळा हे फार संथ वाटतं. वाक्यंही ओबडधोबड येतात. ती तशीच येऊ द्या, कारण ती त्याची स्वतःची आहेत.

टिपणाच्या वहीत प्रत्येक पानाचे तीन रकाने असावेत: लेखकाचे नेमके शब्द (अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह), माझ्या शब्दांत अर्थ, आणि मला काय वाटतं. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो. तो भरायला लागला की निबंधात विद्यार्थ्याचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागतो.

संदर्भ देणं वाक्यातून शिकवा. स्वल्पविराम कुठे आणि तिरका ठसा कुठे, यावर तास घालवू नका. ते नियमपुस्तिकेत बघता येतं. त्यापेक्षा क्रियापदं शिकवा. लेखक 'शोज' म्हणतो की 'क्लेम्स' की 'सजेस्ट्स', यावरून पुराव्याचं बळ कळतं आणि लिहिणारा त्यावर किती विसंबतो तेही कळतं. एकच निष्कर्ष तिन्ही क्रियापदांनी लिहून पाहायला सांगा आणि कोणतं योग्य, यावर वर्गात वाद होऊ द्या.

शेवटी गुणांचं बघा. सगळे गुण अंतिम निबंधाला ठेवलेत तर मुलं घाईनं थेट निबंधावर उडी मारतील. शब्दतक्ता, टिपणांची वही आणि पहिला खर्डा यांना मिळून निदान निम्मे गुण द्या. सुरुवात छोटी ठेवा: एक प्रश्न, एकच स्रोत, एक परिच्छेद. तो जमला की दुसरा स्रोत द्या, पहिल्याशी न पटणारा.