पास रशर पाहायला शिकताना: आधी फिल्म, मग सॅकचा आकडा

सॅकचा (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला बॉल सुटायच्या आत पाडण्याचा) आकडा पाहून फिल्म, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, लावू नका. आधी फिल्म पाहा, आकडा नंतर. एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगसाठी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या, कामात येऊ पाहणारी जी मराठी मुलं-मुली मला मेसेज करतात, त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. खेळाचे नियम, पोझिशन्स, ड्राफ्टच्या सात फेऱ्या हे तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालते. नसेल, तर एक अख्खा सीझन नुसता प्रेक्षक म्हणून बघा आणि मग या. इथे मी फक्त कॉलेजच्या एज रशरबद्दल (लाइनच्या कडेवरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा डिफेन्सचा खेळाडू) लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात जास्त दमछाक याच पोझिशनने केली आणि अजूनही करते.

सापळा हा आहे: सॅक कुणाच्या नावावर लागला हे आपल्याला दिसतं, तो कुणामुळे झाला हे दिसत नाही. वाचताना हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि तरीही माझे सुरुवातीचे बरेच रिपोर्ट यातच वाया गेले. म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा एका मुलाच्या नावावर सीझनमध्ये बारा सॅक आहेत. ते बाराही प्ले एकामागून एक लावा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: याने कुणाला हरवलं? पहिला प्ले, थर्ड अँड एट (तिसरा डाउन म्हणजे तिसरा प्रयत्न, आठ यार्ड बाकी). आतला डिफेन्सिव्ह टॅकल बाहेरच्या दिशेने मुसंडी मारतो, समोरच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या गार्ड आणि टॅकल या दोन्ही ब्लॉकरना स्वतःवर ओढून घेतो (पुढे नुसतं ‘टॅकल’ म्हटलं की हा ब्लॉकर समजा). आपला एज त्याच्या मागून वळसा घालून आत शिरतो. समोर कुणीच नाही. सॅक आपल्या मुलाच्या नावावर, कष्ट दुसऱ्याचे. दुसरा प्ले, त्याला अडवायला टाइट एंड, म्हणजे टॅकलहून हलका खेळाडू, एकटाच उभा होता. तिसरा, क्वार्टरबॅकने चार सेकंद बॉल हातात धरून ठेवला, कारण मागे सगळे रिसीव्हर झाकलेले होते. श्रेय कॉर्नरबॅकांचं. चौथा, पलीकडच्या रशरने क्वार्टरबॅकला पॉकेटबाहेर, म्हणजे ब्लॉकरच्या कड्याबाहेर, हुसकावलं आणि तो आयताच आपल्या मुलाच्या हातात आला. पाचव्यात प्रोटेक्शनचा कॉल चुकला आणि त्याला कुणी हातही लावला नाही. असं करत करत शेवटी उरतात ते चांगल्या टॅकलला समोरासमोर, एकट्याने हरवून मिळवलेले सॅक. बारातले तीन उरले तरी वाईट नाही. कधी एकच उरतो. क्रिकेटवाल्यांना पटकन कळावं म्हणून सांगते: डावात पाच विकेट घेतल्या, पण त्यातल्या चार शेपटाच्या होत्या, तर तुम्ही त्या बोलरला कसोटीत नवा चेंडू द्याल का?

आता याच सापळ्याची दुसरी बाजू, आणि ती जास्त फसवी आहे. कॉलेजमध्ये बॉल फार लवकर सुटतो. आरपीओ (धाव की पास हे प्ले सुरू झाल्यावर ठरतं), स्क्रीन (रशरना पुढे येऊ देऊन टाकलेला छोटा पास), दोन पावलांत फेकलेला क्विक पास. रशरने टॅकलला स्वच्छ हरवलं तरी बॉल आधीच गेलेला असतो आणि स्टॅटशीटवर त्या प्लेची कुठेच नोंद नसते. म्हणून ‘किती वेळा रश केला’ हा भाजकसुद्धा आंधळेपणाने घेऊ नका. स्क्रीन, प्ले अ‍ॅक्शन (धावेचं सोंग करून फेकलेला पास) आणि दोन सेकंदांच्या आत सुटलेले पास बाजूला काढा. उरतात ते खरे पास रश. त्यातल्या किती वेळा तो साधारण अडीच सेकंदांच्या आत ब्लॉकरच्या पुढे गेला, ते मोजा. बॉल कुठे गेला, सॅक झाला की नाही, हे तिथे पाहायचंच नाही. हे काम कंटाळवाणं आहे. एका खेळाडूचे चार गेम नीट चार्ट करायला, म्हणजे प्रत्येक प्लेची नोंद करायला, मला अजूनही दोन संध्याकाळी लागतात. याला शॉर्टकट नाही आणि जो कुणी शॉर्टकट विकतोय त्याच्याकडे जाऊ नका.

आकडा किती दिशांनी फसवतो याची उदाहरणं ड्राफ्टच्या इतिहासात भरपूर आहेत. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने 2007 मध्ये चौदा सॅक केले, कॉलेजचा तेव्हाचा विक्रम, वर दगडासारखं शरीर. न्यूयॉर्क जेट्सने 2008 मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तीन सीझन खेळून त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. उलट लुइझियाना स्टेटच्या (एलएसयू) डॅनियल हंटरने 2014 च्या सीझनमध्ये फक्त दीड सॅक केला होता. व्हायकिंग्जने त्याला 2015 मध्ये तिसऱ्या फेरीत, 88 व्या क्रमांकावर घेतलं आणि 2018 व 2019 अशा लागोपाठ दोन सीझनमध्ये त्याने साडेचौदा-साडेचौदा सॅक केले. सॅकच्या यादीवरून शोधत बसला असता तर हंटर तुम्हाला सापडलाच नसता.

पण म्हणून आकडा खोटाच असतो असंही समजू नका. घाबरून दुसऱ्या टोकाला जाणारे नवखेही मी पाहिलेत. अ‍ॅरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जने 2002 मध्ये 24 सॅक केले. त्याचा 40 यार्डांचा वेळ मात्र संथ निघाला आणि बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बॉल्टिमोरने त्याला 2003 मध्ये दहावा घेतला आणि तो 139 सॅक करून निवृत्त झाला. तिथे आकडा खरं बोलत होता, स्टॉपवॉच नव्हतं.

फिल्मवर नक्की काय पाहायचं? स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) क्षणी त्याचा पहिला पाय कधी हलतो ते आधी पाहा. प्ले थांबवून बॉलकडे आणि त्याच्या पायाकडे एकाच फ्रेममध्ये बघा. लाइनवरचे बाकीचे तिघं अजून स्टान्समध्ये असताना तो निघालेला असेल तर गेट-ऑफ, म्हणजे सुरुवातीची झेप, खरा आहे. मग हात. टॅकल हात कधी टाकतो आणि हा ते कधी झटकतो? खूप लवकर झटकले तर टॅकल पुन्हा हात लावतो, उशीर झाला तर छातीवर पकड बसते. आणि मग ते वळण, ज्याला सगळे बेंड म्हणतात. क्वार्टरबॅक साधारण सात-आठ यार्ड मागे उभा असतो. रशर त्या खोलीपर्यंत पोहोचला की त्याचा आतला खांदा खाली जातो का, घोटा जमिनीकडे झुकतो का, की तो सरळ धावत क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो? मागून निघून गेलेला रश टीव्हीवर जोरदार दिसतो. उपयोग शून्य. आणि पहिली मूव्ह अडली की पुढे काय, हे जरूर लिहा. कॉलेजमध्ये एका मूव्हवर सीझन निघतो. रविवारी, म्हणजे एनएफएलमध्ये, निघत नाही.

मैदानाची एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमार्कांमध्ये (ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवून प्ले सुरू होतो त्या खुणांमध्ये) 40 फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये बॉल वारंवार एका कडेला असतो, एका रशरसमोर मोकळं रान आणि दुसऱ्याकडे अरुंद गल्ली. तुमचा मुलगा बहुतेक वेळा कुठल्या बाजूला उभा राहतो आणि त्याच्यासमोर टाइट एंड असतो की नाही, हे चार्टमध्ये एका रकान्यात लिहाच. एनएफएलमध्ये ती बाजूच राहणार नाही.

मापांबद्दल थोडक्यात. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमध्ये) 40 यार्डांच्या धावेवर सगळ्यांचे कॅमेरे असतात, पण एजसाठी मी पहिल्या दहा यार्डांचा वेळ, थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत धावण्याची चाचणी) आणि हातांची लांबी बघते. 33 इंचांहून आखूड हात दिसले की पुष्कळ जण नाक मुरडतात. एडन हचिन्सनचे हात 32 इंचांच्या थोडेच वर भरले, थ्री-कोन मात्र त्याने 6.73 सेकंदांत केला. 2022 मध्ये त्याच्या आधी पहिल्या क्रमांकावर ट्रॅव्हॉन वॉकर गेला, साडेपस्तीस इंचांचे हात आणि जॉर्जियाच्या शेवटच्या सीझनमध्ये सहा सॅक. त्या वर्षीचे हे दोघं शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासा. मिशिगनमध्ये हचिन्सन काय करत होता आणि जॉर्जियाने वॉकरला आत-बाहेर कुठेकुठे उभं केलं, हे पाहिलं की भूमिका आणि आकडे यांचा संबंध आपोआप उलगडतो.

छोट्या कॉलेजांना घाबरू नका. मॅक्स क्रॉसबी ईस्टर्न मिशिगनहून आला आणि 2019 मध्ये चौथ्या फेरीत, 106 वा गेला. अशा मुलांच्या बाबतीत तगड्या संघांविरुद्धचे मोजकेच गेम शोधून काढा, सगळा सीझन बघायची गरज नाही. वैद्यकीय गोष्टींवर मात्र बाहेरून मत देऊ नका. लायातू लातूला मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठात खेळ सोडायला सांगितलं होतं. तो यूसीएलएमध्ये परत उभा राहिला आणि 2024 मध्ये पंधरावा गेला, त्या ड्राफ्टमधला पहिला डिफेन्सिव्ह खेळाडू. असे निर्णय संघाचे डॉक्टर घेतात.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे: पास रशर समजून घ्यायचे असतील तर ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचकडे जा. डिफेन्सचे लोक तुम्हाला मूव्हची नावं शिकवतील. ज्याने आयुष्यभर टॅकल घडवले तो सांगेल की या मूव्हमुळे टॅकलची झोप का उडते. मला हे एका निवृत्त लाइन कोचने शिकवलं. ते एकच प्ले अर्धा-अर्धा तास पुढे-मागे करत बसायचे आणि मी काही बोलायच्या आत स्वतःचं मत कधीच सांगायचे नाहीत. तुमची ग्रेड ऐकण्याआधी स्वतःची ग्रेड सांगणाऱ्या माणसाकडून शिकणं कठीण असतं, मग तो कितीही मोठा असो. हायलाइटच्या क्लिप तर बघूच नका. त्यात फक्त जिंकलेले प्ले असतात आणि एकदा डोळ्यांत भरले की चार्ट करताना हात आपोआप वरची ग्रेड देतो. मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोणता संघ कुणाला घेईल याची अंदाजी यादी, बनवण्यात वेळ घालवू नका, कुठलाही संघ तो मागत नाही.

रिपोर्ट छोटा ठेवा. ‘स्फोटक’, ‘मोटर जबरदस्त’ असे शब्द काढून टाका आणि त्या जागी कुठल्या गेममध्ये, कुठल्या डाउनला, कुणाविरुद्ध काय केलं ते लिहा. तो एनएफएलमध्ये पहिल्या वर्षी काय करू शकेल, एवढं एक वाक्य स्पष्ट हवं: फक्त थर्ड डाउनला उतरेल, की तिन्ही डाउन खेळेल.

विद्यार्थी व्हिसावर इथे अमेरिकेत असलेल्यांसाठी एक इशारा, आणि हा गंभीरपणे घ्या. फुटबॉल प्रोग्रामच्या व्हिडिओ विभागात किंवा छोट्या स्काउटिंग सेवेत ‘अनुभवासाठी’ बिनपगारी काम सहज मिळतं. ते घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ‘पगार नाही म्हणजे काम नाही’ हे सांगणारा माणूस तुमच्या व्हिसाची जबाबदारी घेणार नाही. एका ठिकाणी मला हेच सांगितलं गेलं होतं, आणि नंतर प्रश्न आला तेव्हा फोन उचलला गेला नाही.

निराश होण्यासारखं तरीही काही नाही. सुरुवातीच्या जागा कमी आहेत, पगार बेताचा आहे, स्काउटिंग असिस्टंटला विमानतळावरून खेळाडू आणायलाही जावं लागतं. पण नावाची ओळख नसलेल्या, खेळलेल्या नसलेल्या लोकांचे रिपोर्ट वाचले जातात, हे मी स्वतः पाहिलंय. स्काउटांचे करार साधारण ड्राफ्टनंतर संपतात, म्हणून मे महिन्यात जागा हलतात. एप्रिलच्या गडबडीत कुणाला ईमेल पाठवू नका. मे उजाडला की तीन रिपोर्ट पाठवा, वीस नको: एक पहिल्या फेरीचा रशर, एक छोट्या कॉलेजचा, आणि एक असा ज्याला सगळ्यांनी वर ठेवलं पण तुम्ही खाली ठेवलात. तिसऱ्या रिपोर्टसोबत तुमचा पूर्ण चार्ट जोडा.