वाफेने जड तेल काढताना तयार होणारा वायू कसा मोजावा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, अथाबास्का नदीच्या परिसरातले बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखे जड तेल, जमिनीखाली इतके घट्ट असते की वाफेने तापवल्याशिवाय ते हलत नाही. सॅग-डी पद्धतीत सुमारे पाच मीटर अंतराने एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी खणतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडतात आणि पातळ झालेले तेल पाण्यासह खालच्या विहिरीतून उपसतात. त्याबरोबर येणारा सगळाच वायू आधीपासून तेलात विरघळलेला नसतो. मिथेन बहुतांशी तसा असतो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग मात्र दोनशे अंशांच्या पुढे पाणी, तेल आणि खनिजे यांच्यातील अभिक्रियांतून नव्याने तयार होतो. या अभिक्रियांना अ‍ॅक्वाथर्मोलिसिस म्हणतात.

हा नव्याने होणारा वायू किती तयार होईल हे प्रयोगशाळेत आधी पाहायचे असेल, तर शक्यतो त्याच थरातला कोअर (विहीर खणताना काढलेला खडकाचा नमुना) आणि तिथल्याच क्षारतेचे पाणी घ्यावे. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सहन करणारे बंद भांडे, दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये; २५० अंश सेल्सियसला पाणी सुमारे पंचवीस टक्के फुगते आणि केवळ वाफेचाच दाब ४० बारच्या आसपास जातो. भांडे साध्या पोलादाचे असेल तर हायड्रोजन सल्फाइड त्याच्या भिंतीशी अभिक्रिया करून लोहाच्या सल्फाइडचा काळा थर देतो, आणि तेवढा वायू हिशेबातून गळतो. म्हणून आत काचेचे अस्तर असावे किंवा निकेलयुक्त गंजरोधक मिश्रधातू वापरावा. तापवण्यापूर्वी नायट्रोजन सोडून आतली हवा पूर्ण काढावी, कारण उरलेला ऑक्सिजन तेलाचे ऑक्सिडीकरण करून निकाल बिघडवतो. शेवटी आत राहिलेल्या नायट्रोजनचे प्रमाण नोंदवून ठेवावे. पुढे क्रोमॅटोग्राफवरची (वायूंचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावरची) इतर शिखरे त्याच्याशी ताडून एकूण वायू काढता येतो. माझ्या मते ही युक्ती दाबमापकावर विसंबण्यापेक्षा बरी.

२००, २२५ आणि २५० अशी किमान तीन तापमाने घ्यावीत आणि प्रत्येकी काही दिवस ठेवून टप्प्याटप्प्याने नमुने काढावेत. लवकर आटपावे म्हणून ३०० अंशांच्या बरेच वर जाणे हा मोह टाळावा, कारण तिथे तेलाचे विघटन वेगळ्या मार्गाने होऊ लागते आणि ते आकडे खाली ओढून आणता येत नाहीत.

आता खरी चूक जिथे होते तिथे येऊ. भांडे थंड झाल्यावर वरचा वायू मोजला की काम संपले असे वाटते, पण हायड्रोजन सल्फाइडचा लक्षणीय वाटा पाण्यात आणि तेलात विरघळून राहतो. पाणी काढताच त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि झिंक अ‍ॅसिटेट टाकावे. सल्फाइड असेल तर पाणी दुधासारखे गढूळ होते, आणि तो पांढरा साका अनुमापनासाठी (ठरावीक तीव्रतेचे द्रावण टाकून सल्फाइड मोजण्यासाठी) टिकतो. मग गंधकाचा ताळेबंद मांडावा. बिट्युमेनमध्ये वजनाने पाच टक्के गंधक धरले, तर एका टनात ५० किलो येते. त्याचा हजारावा भाग जरी सुटला तरी ५० ग्रॅम गंधकापासून सामान्य तापमानाला साधारण ३७ लिटर हायड्रोजन सल्फाइड मिळतो. कार्बन डायऑक्साइडसाठी वाळूविरहित तेल आणि पाणी यांचा वेगळा प्रयोग करावा. दोन्हींतल्या फरकावरून खनिजांचा वाटा कळतो.

हे सगळे वायू बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडखाली, गजर करणारा गॅसमापक अंगावर लावून आणि एकट्याने कधीही न करता. कुजक्या अंड्यांचा वास येईलच या भरवशावर राहू नये: हवेत सुमारे १०० पीपीएमला (दहा लाख भागांत शंभर भाग) नाक बधिर होते, आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणे जिवावर बेतते.

विहिरीवरच्या सेपरेटरमधून (तेल, पाणी आणि वायू वेगळे करणाऱ्या टाकीतून) आलेला आकडा प्रयोगशाळेशी जुळवताना आधी विरघळलेला मिथेन वजा करावा. तरीही तो कमीच भरेल, कारण थंड होऊनही द्रवरूप न होणारा काही वायू वाफेच्या कक्षाच्या, म्हणजे जमिनीखाली वाफ पसरलेल्या भागाच्या, कडांना साचतो, तिथे वाफ आणि थंड तेल यांच्यामध्ये पडद्यासारखा उभा राहतो आणि वर येत नाही.