ट्रॅक सायकल: या चुका टाळा (निदान लॉकरिंग तरी नीट आवळा)

ट्रॅक सायकल म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची सायकल. तिला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही (म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच), गिअर एकच. मग बिघडणार काय, असं वाटतं ना? तिथेच फसतात सगळे. लाखोंची कार्बन फ्रेम, मागे डिस्क व्हील, आणि कॉग, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चाक, मात्र हाताने फिरवून बसवलेला!

कॉगचे आटे सुलटे, त्याच्यावर बाहेरून आवळायच्या कड्याचे, म्हणजे लॉकरिंगचे, उलटे. पुढे पेडल मारलं की कॉग आवळला जातो, पण वेग कमी करायला पायाने उलटा जोर दिला की तोच सुटायला बघतो, तेव्हा त्याला अडवते ती लॉकरिंग, म्हणून ती डावीकडे फिरवून आवळायची. हे ठाऊक नसलेले नवखे तिला उजवीकडे पिळत बसतात आणि म्हणतात ढिलीच राहते.

मला ठाऊक होतं, तरी मी माती खाल्ली. बालेवाडीच्या ट्रॅकवर एका सकाळी १५ दातांचा कॉग काढून १४ चा लावला, चेन व्हिप (कॉग आवळायचं साखळीवालं हत्यार) घरी राहिलेली, म्हटलं दोन राउंड मारले की आपोआप बसेल. बसलाही. पण कॉग आत सरकून बसला की त्याच्या आणि लॉकरिंगच्या मधे फट पडते, लॉकरिंग परत आवळायला कोण थांबतंय! शेवटी पाय रोखले तर खटकन आवाज आणि पेडल एकदम मोकळं. पाय स्थिर धरून, ट्रॅकच्या तिरक्या चढावर, बँकिंगवर, चढवत चढवत वेग मारला कसाबसा. उतरून बघतो तर हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) आटे सोलून बारीक चकचकीत तारा झालेल्या, लॉकरिंगला गुंडाळलेल्या. हब बाद.

तेव्हापासून आट्यांना ग्रीस, कॉग चेन व्हिपनेच, मग लॉकरिंग, दोन राउंड जोरात, आणि परत लॉकरिंग. कंटाळा आला तरी.

दुसरं, चेन. एकाच जागी बोटाने दाबून "बरोबर आहे" म्हणू नका. चेनरिंग (पेडलजवळचं मोठं दातेरी चाक) अगदी मध्यावर क्वचितच बसलेली असते, त्यामुळे क्रँक पूर्ण फिरवा, जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे थोडी ढील हवी. तारेसारखी ताणली तर बेअरिंग खाते, फार सैल ठेवली तर उतरते, आणि उतरून अडकली तर मागचं चाक जाम.

१/८ इंच रुंदीच्या चेनरिंगवर ३/३२ ची, म्हणजे अरुंद, चेन बसत नाही, ठोकू नका. पहिल्याच महिन्यात ५६ दातांची चेनरिंग नको, ४९×१५ ने (पुढे ४९ दात, मागे १५) काही बिघडत नाही. ट्यूब्युलरचा, म्हणजे रिमला चिकटवायच्या टायरचा, गोंद रात्रभर वाळू द्या, "तासाभरात चालतंय" म्हणणाऱ्याच्या मागे मी चालवत नाही.

कार्बन हँडलबारचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), आणि पडल्यावर बार नीट तपासा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ ला, टीम परस्यूट या सांघिक शर्यतीच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पोर्टरचा हँडलबार भर वेगात तुटला आणि तो तोंडावर आपटला. तिथे तर मेकॅनिकची फौज होती, आपल्याकडे आपणच.

आणि चाकाच्या नटांसाठी १५ मिमीचा पाना स्वतःचा आणा. माझा मागू नका.