डास अळी सर्वेक्षण: भांडी मोजा, पण माणसंही मोजा

कंटेनर सर्वेक्षणात, म्हणजे घरोघरी पाण्याची भांडी तपासताना, दूषित (डासांच्या अळ्या सापडलेली) घरं आणि दूषित भांडी नीट नोंदवली जातात, पण घरात माणसं किती हा रकाना कोरा राहतो. मग डासांचा आकडा लोकसंख्येशी जोडताच येत नाही. म्हणून दारातच विचारा: काल रात्री इथे किती जण झोपले? रेशनकार्डावरून नावं उतरवू नका; बाहेरगावी गेलेला मुलगा त्यात असतो, भाडेकरू नसतो.

मग रांजण, हौद, बॅरल, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, टायर. पाणी असलेलं प्रत्येक भांडं मोजा, अळी नसली तरी. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. सावली हलली की अळ्या तळाला जातात. मिनिटभर थांबून टॉर्चने पुन्हा बघा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी डोकं खाली करून लोंबते, तिची श्वासनळी आखूड असते; हिवताप पसरवणाऱ्या अॅनाफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी. कोष, म्हणजे अळीनंतरची अवस्था, स्वल्पविरामासारखा. लहान भांड्यातलं पाणी गाळून जे उरेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात घ्या आणि कोष ड्रॉपरने एकेक उचलून मोजा. हे काम किचकट आहे, पण सगळ्यात मोलाचं तेच. अळ्यांपैकी बऱ्याच वाटेतच मरतात. कोषातून मात्र एक-दोन दिवसांत डास उडतो. अॅबेट या अळीनाशकाचा कोषावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून कोष दिसले तर भांडं ओतून, कडा घासूनच घ्यायचं. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात.

समजा १०० घरं, ४५० माणसं, पाण्याची ३४० भांडी. २२ घरांत मिळून ३४ भांडी दूषित, कोष ५४०. हाउस इंडेक्स (शेकडा दूषित घरं) २२, कंटेनर इंडेक्स (शेकडा दूषित भांडी) १०, ब्रेटो इंडेक्स (दर १०० घरांमागे दूषित भांडी) ३४. माणशी कोष ५४० ÷ ४५० = १.२. दोन गावांचा ब्रेटो इंडेक्स सारखा असूनही माणशी कोष खूप वेगळे निघू शकतात, कारण एका मोठ्या हौदात शेकडो कोष असतात आणि ब्रेटोमध्ये तो हौद एकच भांडं ठरतो.

हिवतापाच्या एपीआयला, म्हणजे हजारी वार्षिक रुग्णदराला (वर्षातले रुग्ण ÷ लोकसंख्या × १०००) पूर्ण लोकसंख्या लागते, आणि घोळ होतो तो इथे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११,२३,७४,३३३. दशकातली वाढ सुमारे १६ टक्के. आजची लोकसंख्या अंदाजताना हा राज्याचा दर गावाला लावू नका. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या घटली, ठाण्याची मात्र एक तृतीयांशाहून जास्त वाढली. तालुक्याचे २००१ आणि २०११ चे आकडे घेऊन त्याचाच दर काढा. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, तेव्हा त्याची २०११ ची बेरीज तालुक्यांवरून करावी लागते.

ऊसतोडीच्या हंगामात बीडमधली गावं निम्मी रिकामी होऊ शकतात आणि कारखान्याच्या परिसरात पालं पडतात. त्या महिन्यांत पालांची स्वतंत्र यादी करा, माणसं मोजा, रुग्णांची नोंद मूळ गाव आणि मुक्काम अशा दोन्ही रकान्यांत ठेवा. पालांजवळचे पाण्याचे ड्रम सर्वेक्षणातून सुटू देऊ नका.