पणजोबांची पलटण कशी शोधावी

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान परतले नाहीत. आमच्या घरात त्या युद्धाचं एकच वाक्य उरलं होतं: 'थोरले आबा बसऱ्याच्या (इराकच्या) लढाईत होते.' सातारा-सांगलीत अशी वाक्यं कितीतरी घरांत आहेत. तिथून पुढे कसं जायचं, ते मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो.

आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसा. तारखा विचारू नका. सासूच्या तोंडून काय ऐकलं ते विचारा. मनीऑर्डर कधी थांबली, तार कुणी वाचून दाखवली, आबा परतले ते मानमोडीच्या आधी की नंतर? मानमोडीची साथ १९१८ची, म्हणजे तेवढ्या एका खुणेवर काळ हाती लागतो. भावाच्या पलटणीची एखादी ओवी आठवते का, तेही विचारा. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा.

मग ट्रंक उघडा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. चिंच किंवा राख लावून पदक घासू नका, अक्षरं पुसट होतात. तिरप्या उजेडात फोटो काढा.

वंशावळ हवीच, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. एकाच घरात दोन-तीन सखाराम निघतात. बापाचं नाव जुळलं तरच माणूस आपला. सांगलीकडे हेळवी, म्हणजे घराण्याच्या पिढ्या सांगत फिरणारे लोक, येत असतील तर त्यांच्या चोपडीतल्या पिढ्या लिहून घ्या. त्या पडताळायला तहसीलमधली कोतवाल बुकं (जन्म-मृत्यूच्या नोंदींची), शाळेचं जनरल रजिस्टर आणि जमिनीचे वारस-फेरफार आहेत. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा जाणकार सोबत न्या.

वाळवा, तासगाव, खानापूरच्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. हे तालुके १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. दोन्ही महायुद्धांच्या कागदांत तुमचा माणूस 'सातारा' असाच सापडेल. मिरज, सांगली, जत ही तेव्हा संस्थानं होती.

माणूस युद्धात कामी आला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९२१पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी डिसेंबर १९४७पर्यंतचे मृत्यू त्यात धरले आहेत. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही मिळतं. आडनावाची स्पेलिंगं मात्र चार-पाच तऱ्हांनी घालून बघा. साहेबाच्या कारकुनाने पवारचं 'पोवार' केलेलं असतं. जिवंत परतलेल्यांसाठी पदकावरचा क्रमांक घेऊन बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राला लेखी विचारा.

पलटण कळली की माझ्या मते खरी वाट सुरू होते. १९२२मध्ये पलटणींचे आकडे बदलले, हे ध्यानात असू द्या: ११०वी मराठा पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. पलटणीची रोजची नोंद, म्हणजे वॉर डायरी, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. पहिल्या युद्धातल्या पुष्कळ डायऱ्या ऑनलाइन मिळतात. तिच्यात गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात, आपला शिपाई बहुतेक वेळा नुसता आकडा असतो. म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे घरच्या आठवणी, पत्रं, कुणाची रोजनिशी असली तर ती. उजवीकडे पलटण त्या दिवशी कुठे होती ते.

आमच्या आबांच्या पदकावर ११०वी मराठा निघाली. ती पलटण डिसेंबर १९१५पासून इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. दाणे संपत आले तसे घोडे कापले गेले. आपल्या शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं, अखेरीस पुष्कळांना खावं लागलं. माझ्या वहीत डावीकडे आजीचं एक वाक्य आधीच लिहिलेलं होतं: 'मामंजी कधी टांग्यात बसले नाहीत. उन्हातान्हात चालत यायचे, कारण सांगायचे नाहीत.'